'लाइन' : एका शब्दाची खानदेशातील वाटचाल

धरणगाव हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते बालकवींचे जन्मगाव म्हणून. इतिहासाच्या अभ्यासकाला ते आठवते आउट्रमच्या भिल्ल पलटणीचे ठाणे म्हणून. आणि जळगाव-सुरत गाडीने नेहमी जाणाऱ्याला पाळधीच्या पुढचे स्टेशन म्हणून. या तिन्ही ओळखी एका इंग्रजी शब्दाने एकमेकींशी जोडल्या गेल्या आहेत, असे आम्ही म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. तो शब्द आहे 'लाइन'. आपल्या घरांत तो इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे याची आठवण करून द्यावी लागते.

एखाद्या खानदेशी कुटुंबाचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी पाण्याच्या टँकरपुढे बायका 'लाइन लावतात'. बारावी झालेल्या मुलाला पाहुणे विचारतात, ''आता कोणत्या लाइनीला जाणार?'' सुरतेला राहणाऱ्या आत्याचा फोन मध्येच तुटतो, म्हणजे 'लाइन कट होते'. कॉलेजच्या फाटकाशी उभा राहणारा शेजारचा पोरगा 'लाइन मारतो' अशी कुजबुज होते, आणि ती ऐकून आजोबा त्याला 'लाइनीवर आणण्याची' भाषा बोलतात. रात्री अकराला शेतावर निघालेला बाप विचारतो, ''लाइन आली का?'' कोशात पाहावे तर रेघ, ओळ, रांग एवढे अर्थ देऊन कोशकार मोकळा होतो. उरलेले सगळे अर्थ लोकांनी घडवले, आणि ते कसे घडले हे पाहू गेल्यास गेल्या दोनशे वर्षांतला खानदेश त्यांत सापडतो.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. मूळ लॅटिन. 'लिनुम' म्हणजे जवस, आणि जवसाच्या वाखापासून काढलेला धागा तो 'लिनेआ'. सरळ रेघ आखण्यासाठी कारागीर हा धागा ताणून धरीत, म्हणून धाग्याचे नाव रेघेला मिळाले. वेदीवर अंथरतात त्या लिननच्या वस्त्राचे नावही याच जवसातून आलेले आहे. गंमत अशी की मराठीतही नेमके हेच घडले. 'सूत' म्हणजे कापसाचा धागा. गवंड्याच्या हाती गेला की तो सरळपणाचे माप होतो, म्हणून आपण 'सुतासारखा सरळ' म्हणतो. आणि दोघांचे 'सूत जुळले' म्हणजे काय झाले, हे वाचकांना सांगायला नको! तिकडे जवसाचा धागा, इकडे कापसाचा. 'लाइनीवर आणणे' आणि 'लाइन मारणे' या दोन्ही अर्थांना लागणारी जागा मराठी सुताने जणू आधीच राखून ठेवली होती.

इंग्रज धरणगावात प्रथम आले ते व्यापारी म्हणून. सतराव्या शतकात येथल्या कापडासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतकर मंडळींनी येथे वखार घातली होती. १६७५ साली मराठ्यांच्या स्वारीत ती लुटली गेली, आणि नुकसानभरपाईसाठी कंपनीने शिवाजी महाराजांकडे तगादा लावला. या व्यापाराची आठवण मराठीत ज्या शब्दाने राहिली तो 'वखार' हा शब्द आपलाच आहे. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाच्या आणि विणकराच्या बोलीत बोलावे लागते. आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी बसवण्याची त्याला ना गरज असते, ना ताकद. दीडशे वर्षांनी इंग्रज पुन्हा धरणगावी आले ते हुकूम देणारे होऊन.

१८१८ साली पेशवाई बुडाली व खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. सातपुड्यापासून सातमाळ्यापर्यंतच्या डोंगरांत भिल्ल नाइकांचा अंमल होता. गावांची आणि घाटांची राखण करण्याबद्दल त्यांना जुन्या राज्यांत हक्क मिळत असत. धामधुमीच्या काळात ते बुडाले, आणि पोटासाठी लुटालूट सुरू झाली. कंपनीने प्रथम फौजा पाठवून पाहिल्या. नाइक पकडले जात, त्यांच्या जागी दुसरे उभे राहत, आणि शिपाई जंगलातल्या तापाने मरत. काही वर्षे हा प्रकार चालल्यावर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. १८२५ मध्ये भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी नेमल्या गेल्या. जे डोंगर सोडून खाली येतील त्यांना जमीन व तगाई द्यावी, आणि त्यांच्यातूनच एक पलटण उभारावी असे ठरले. पलटणीचे काम तेविसाव्या नेटिव्ह इन्फंट्रीतील लेफ्टनंट जेम्स आउट्रम याच्याकडे आले. त्याचे वय तेव्हा अवघे बावीस होते. पलटणीचे ठाणे म्हणून धरणगाव निवडण्यात आले, आणि तेथे त्याने स्वतःसाठी एक बंगलाही बांधला.

आउट्रमची रीत त्या काळच्या साहेबी रीतीहून निराळी होती. तो नाइकांबरोबर एकटा जंगलात गेला, पहाऱ्याशिवाय त्यांच्यात राहिला, आणि त्यांची मने वळवण्यासाठी मद्याचाही सढळ उपयोग केला. हे शेवटचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे, त्यामुळे आम्ही त्यावर अधिक भाष्य करीत नाही. आरंभी त्याच्याजवळ आलेले भिल्ल बोटांवर मोजण्याइतके होते. सरकारने आपल्याला एकत्र बोलावले आहे ते घात करण्यासाठीच, असा संशय त्या लोकांना यावा यात नवल नाही; मागील वर्षांचा अनुभवच तसा होता. तरी ते आले, आणि पुढे त्यांची संख्या शेकड्यांत गेली.

पलटण म्हटली की कवायत आली, आणि कवायत म्हटली की 'लाइन' आली. शिपायांनी ओळीत उभे राहायचे एवढ्यावर ते भागत नसे. त्यांच्या झोपड्याही सरळ ओळींत बांधायच्या असत, आणि छावणीतल्या त्या वस्तीलाच इंग्रज 'लाइन्स' म्हणत. भिल्लाच्या पाड्यात अशी सरळ गल्ली नसते. एक घर या टेकाडावर, दुसरे हाकेच्या अंतरावर त्या टेकाडावर, मध्ये ज्याचे त्याचे शेत, अशी त्यांची रचना. अशा माणसाने बायकापोरांसह ओळीतल्या झोपडीत राहावे, बिगूल वाजताच बाहेर यावे, ही गोष्ट बंदूक हाती धरण्यापेक्षाही अवघड असली पाहिजे. 'लाइन' हा शब्द अशा रीतीने खानदेशी माणसाच्या वाट्याला आला. त्यात शिस्त होती, पोटाची सोय होती आणि धाकही होता.

याच काळातली एक हकिकत आम्हांला फार बोलकी वाटते. आउट्रमने आपले नवे भिल्ल शिपाई मालेगावच्या छावणीत नेले. तेथे त्याच्याच जुन्या रेजिमेंटचे शिपाई होते, आणि त्यांत उच्चवर्णीयांचा भरणा होता. ते या रानटी समजल्या गेलेल्या लोकांची टिंगल करतील अशी भीती होती. झाले उलटेच. त्यांनी भिल्लांना आपल्यात बसवून घेतले, सुपारी दिली, त्यांच्याशी गप्पागोष्टी केल्या. आउट्रमने मोठ्या समाधानाने ही हकिकत कळवली आहे. गावात जे शेजारी बसले नसते ते छावणीत बसले. पण या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. हीच पलटण १८३० साली डांगच्या भिल्लांवर चालून गेली. लाइनीत आलेला भिल्ल लाइनीबाहेरच्या भावावर धाडला गेला.

आउट्रम १८३५ मध्ये खानदेश सोडून गुजरातेत गेला, आणि १८५७ च्या लखनौच्या लढायांनी पुढे प्रसिद्धी पावला. भिल्ल पलटण कालांतराने जिल्हा पोलिसांत मिसळून गेली. छावण्या मोडल्या, पण शब्द वस्त्यांना चिकटून राहिला. जिल्ह्याच्या गावी पोलिसांची कुटुंबे राहतात ती 'पोलीस लाइन'. पनवेलची लाइन आळी, कोल्हापूर आणि धारवाड येथील लाइन बाजार, नागपूरच्या सिव्हिल लाइन्स ही नावे आपण रोज घेतो. मुंबईच्या मरीन लाइन्सलाही तेथे पूर्वी असलेल्या मरीन बटालियनच्या लाइनींवरून नाव पडले. आगगाडीच्या लाइनीशी किंवा समोरच्या समुद्राच्या रेषेशी त्याचा संबंध जोडणारे पुष्कळ भेटतात. तो संबंध नंतरचा.

आगगाडीने मात्र या शब्दाला नवे आयुष्य दिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लाइन १८६० च्या दशकाच्या आरंभी जळगाव-भुसावळला पोहोचली. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. धरणगावला मात्र १९०० च्या सुमारापर्यंत थांबावे लागले. सुरतेपासूनच्या रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर, धरणगाव करीत जळगाव गाठले तेव्हा गावात 'लाइन' पुन्हा अवतरली, या वेळी लोखंडाची होऊन. आज जळगाव मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे आणि धरणगाव पश्चिम रेल्वेवर. त्यामुळे या भागात माणसाचा ठावठिकाणा सांगताना 'सुरत लाइनीवरचा' असे म्हणण्याचा प्रघात पडला. वसई-विरारकडील आमच्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ साली धावली. तेव्हापासूनच्या सहवासाने मुंबईकर आपले घर, सोयरीक आणि स्वभावसुद्धा लाइनीवरून ओळखतो. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर ही आजची गोत्रेच होत.

ज्यांचे वडील-आजोबा भुसावळच्या रेल्वेत गार्ड किंवा ड्रायव्हर होते अशी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी 'लाइनवर गेले' याचा अर्थ गाडी घेऊन गेले, आता उद्या-परवा परतायचे, असा होता. दाराशी असणाऱ्या काळ्या पत्र्याच्या पेटीला 'लाइन बॉक्स' म्हणत; हिरवे-तांबडे झेंडे, दिवा, नियमांचे पुस्तक असा संसार तीत असे. 'लाइन क्लिअर' हा शब्दप्रयोगही याच घरांतून बाहेर पडला. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत नाही अशी खात्री पुढच्या स्टेशनाने दिल्यावाचून गाडी सोडायची नाही, हा नियम. ती खात्री म्हणजे लाइन क्लिअर. तिची खूण म्हणून यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती देत. गोळा हाती नाही तर पुढे जाण्याची परवानगी नाही. आता वडील घरी नाहीत हे पाहून सिनेमाला निघालेला मुलगाही मित्राला 'लाइन क्लिअर आहे' असे सांगतो. धरणगावची लाइन शंभरांहून अधिक वर्षे एकेरीच होती. उधना-जळगाव दुहेरी मार्गाचे लोकार्पण २०१९ साली झाले.

विजेचा अर्थ त्यामानाने अलीकडचा. राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, हळूहळू खांब गावोगाव आणि मग शेतांत गेले, आणि विजेलाच लोक 'लाइन' म्हणू लागले. शहरात 'लाइट गेली' म्हणतात. पंपावर अवलंबून असलेला शेतकरी 'लाइन गेली' म्हणतो, कारण त्याला दिव्याशी कर्तव्य नसते. अहिराणीत 'लाइन उनी का?' हा प्रश्न मध्यरात्री बांधाबांधावरून ऐकू येतो, कारण शेतीची वीज पाळीपाळीने आणि पुष्कळदा रात्रीच मिळत आली आहे. तापी-गिरणेच्या काठाहून कोसभर आणलेली पाइपलाइन हीसुद्धा 'लाइन'च. ती फुटली तर केळीचा बाग वाळतो. ज्यांनी हे सोसले नाही त्यांना या शब्दातला उकाडा आणि जागरण कळणे कठीण.

आता आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा अर्थ. माणसाचा व्यवसाय, त्याने निवडलेला मार्ग, म्हणजे त्याची 'लाइन'. हा अर्थ इंग्रजीतही आहे, पण खानदेशात (आणि एकंदर महाराष्ट्रात) त्याने जे काम केले ते इंग्लंडात करण्याची गरज नव्हती. आपल्याकडे धंदा जन्माने ठरत असे, आणि धंद्याची नावे जातींची नावे होती. सुताराच्या मुलाने कोणता धंदा करावा हा प्रश्नच नव्हता, म्हणून तो विचारण्यासाठी शब्दही नव्हता. रेल्वे, गिरण्या, कचेऱ्या, शाळा आल्या, आणि एकाच घरातला एक भाऊ लोहारकाम करतो, दुसरा मास्तर होतो, तिसरा फिटर होतो असे दिसू लागले. या नव्या स्थितीला 'लाइन' हा शब्द अगदी चपखल बसला, कारण त्याला जात चिकटलेली नव्हती. 'त्याने लाइन बदलली' हे वाक्य आज सहज बोलले जाते. 'जात बदलली' हे तसे बोलता येत नाही. भिल्लांना ओळीत उभे करण्यासाठी आलेला शब्द शंभर-सव्वाशे वर्षांत नको असलेल्या ओळीतून बाहेर पडण्यासाठी उपयोगी पडू लागला. 'व्यवसाय' किंवा 'क्षेत्र' हे शब्द छापायला चांगले आहेत, पण बारावीच्या मुलाला ते कोणी विचारीत नाही. याच अर्थाची एक दुःखद शाखाही आहे. देहविक्रय करावा लागणाऱ्या स्त्रियांविषयी 'ती लाइनीत आहे' असे दबक्या आवाजात म्हणतात, आणि त्या स्वतःही 'या लाइनीत आले' असे म्हणतात. तेथे लाइन निवडण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हाती असतो.

'लाइन मारणे' या प्रयोगाविषयी आमच्या वाचकांत दोन पक्ष होतील. काहींना तो येथे छापावा हेच रुचणार नाही. पण भाषेचा विचार करताना घरातल्या मुलांच्या तोंडी असलेला शब्द सोडून चालत नाही. डोळा मारणे, शिट्टी मारणे, चक्कर मारणे या आपल्याच पंक्तीत तो येऊन बसला आहे. हिंदी चित्रपटांनी आणि कॉलेजांच्या कट्ट्यांनी त्याचा प्रसार केला. पुष्कळदा त्यात निरागस थट्टा असते, हे आम्ही मान्य करतो. आमची हरकत त्याच्या जोडीदाराला आहे. मुलगा लाइन 'मारतो' आणि मुलगी लाइन 'देते', असे म्हणतात. तिने नुसते वर पाहिले, किंवा गाडीची वाट पाहत तेथे उभी राहिली, तरी 'ती लाइन देते' असा निवाडा चार पोरे करून टाकतात, आणि पुढच्या सगळ्या त्रासाचे खापर तिच्यावर फुटते. कित्येक मुलींची शाळा अशा एका शब्दापायी सुटली आहे. वडील त्या पोरांना बोलत नाहीत, मुलीला घरी बसवतात. स्त्रीचा पाठलाग करणे हा आपल्या दंडविधानात २०१३ साली स्वतंत्र गुन्हा ठरला. बोलीत मात्र त्याच वागण्याला थट्टेचे नाव आहे, आणि ते नाव घरातली वडील मंडळीही हसत उच्चारतात. असो.

भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांना हा शब्दच नको असेल. सावरकरांनी आणि माधव जूलियनांनी ती चळवळ मोठ्या तळमळीने चालवली, तिने मराठीला चित्रपट, महापौर असे उत्तम शब्दही दिले. पण ज्या समाजाने पाद्री, इगर्जी, पाव, चावी, पगार हे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरले, त्याला परका शब्द म्हणजे विटाळ असे वाटण्याचे कारण नाही. शिवाय आपल्या जुन्या शब्दांनी आपली घरे सोडलेली नाहीत. जेवायला बसतो ती पंगतच असते. तळहातावर आणि पाटीवर रेघ असते, लहान मुलांची वही दुरेघीच असते. मिस्साच्या वेळी ख्रिस्तप्रसादासाठी आपण रांगेने जातो. पापनिवेदनासाठी नाताळच्या आदल्या दिवशी रांग असते की लाइन, हे ज्याचे त्याने ठरवावे! सत्तेने आणि यंत्राने जी नवी जागा निर्माण केली तेवढी 'लाइन'ने व्यापली.

कवितेत तिला शिरता आले नाही. कवितेची ओळच असते. धरणगावात १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात आपल्या ओळी म्हटल्या, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' म्हटले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्यांना पुढे नगरला आपल्या घरी मुलासारखे ठेवून घेतले. ५ मे १९१८ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेची लाइन ओलांडताना गाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला.